वाहत्या पाण्याची पावती
गंगेतल्या मासेमारीवर कर कोण घेत होते, तो कसा बंद झाला आणि पुढे काय झाले?

भागलपूर म्हटले की आपल्या वाचकांपुढे ऑक्टोबर 1989 च्या दंगलीचे चित्र उभे राहते आणि कापडाच्या धंद्यात असणाऱ्यांना तिथले तसर रेशीम आठवते. दंगलीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. रेशमाबद्दलही अधूनमधून लिहिले जाते. पण याच जिल्ह्यात रोजीरोटीचा आणखी एक मोठा झगडा झाला, त्याची चर्चा मराठी वृत्तपत्रांत फारशी झाली नाही. हा झगडा जमिनीचा किंवा गिरणीचा नव्हता. तो गंगेच्या वाहत्या पाण्याचा होता. नदीत जाळे टाकायचे तर कोणाला पैसे द्यायचे आणि का द्यायचे, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळायला देश स्वतंत्र झाल्यावर 44 वर्षे लागली.

जमिनीची जमीनदारी आपल्याला ठाऊक आहे. बंगाल, बिहार आणि ओरिसात 1793 च्या कायमधाऱ्याने ती पक्की झाली. पण पाण्याचीही जमीनदारी असते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगितले तर तो सांगणाऱ्याकडे संशयाने पाहील. बिहारमध्ये तिला पानीदारी म्हणत. ज्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क विकला, वाटला, गहाण ठेवला जातो त्या पाण्याला आणि त्या हक्काला तिथे जलकर हा शब्द आहे. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत गंगेचा सुमारे 80 किलोमीटरचा पट्टा अशा पानीदारांच्या ताब्यात होता. हक्क मोगल काळापासूनचा आहे असा त्यांचा दावा. पट्ट्याचे दोन वाटे होते. एक सुलतानगंज ते बरारी आणि दुसरा बरारी ते पीरपैंती. एका वाट्याचे मालक हिंदू घराणे होते, दुसऱ्याचे मुसलमान. वसुलीच्या बाबतीत दोघांत काही फरक होता असे कोणी म्हणत नाही, हेही येथे नोंदवून ठेवलेले बरे.

मालक स्वतः नदीवर येत नसत. ते पट्टा ठेक्याने देत. ठेकेदार त्याचे तुकडे पाडून पुढे देई. त्याच्या खाली वसुली करणारे कारिंदे आणि कारिंद्यांच्या मागे लाठीवाले. नाव कोणती, जाळे कोणत्या प्रकारचे, यावर पैशाची आकारणी होई. वर चांगला मासा दिसला तर तो उचलून नेला जाई. त्याची अर्थातच पावती नसे. पैसे दिले नाहीत तर जाळे जप्त, नाव ओढून नेणार, मारहाण वेगळी. नदी, मासा आणि मेहनत यांपैकी काहीही ज्याचे नाही असा माणूस रोज संध्याकाळी काठावर वसुलीला उभा असे. मल्लाह, बिंद, गंगोता, निषाद अशा समाजांच्या कित्येक पिढ्या ही वसुली भरत आल्या.

कायद्याची गोम

1950 चा बिहार जमीन सुधारणा कायदा झाला. जमीनदाऱ्या गेल्या. मग पानीदारी कशी राहिली?

येथे थोडे कायद्यात शिरावे लागेल. इंग्रज सरकारने मासेमारीच्या हक्काला खाजगी मालमत्ता म्हणून संरक्षण दिले होते. त्यासाठी बंगालमध्ये 1889 साली खाजगी मत्स्यक्षेत्र संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला गेला. दुसऱ्याच्या जलकरात विनापरवाना जाळे टाकणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास बंदी केली. ती बंदी योग्यच होती, पण पाणी कोणाचे या प्रश्नाला तिने हात लावला नाही.

स्वातंत्र्यानंतर पानीदारांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो ऐकून वकील मंडळींना मौज वाटेल. म्हणणे असे की, कायदा जमिनीची मालकी काढून घेतो. आमचा हक्क जमिनीवर नाही. नदी आज येथे वाहते, उद्या तेथे. खालची जमीन बदलते, हक्क मात्र पाण्याबरोबर चालत राहतो. तेव्हा जमिनीचा कायदा आम्हाला लागू नाही. या मुद्द्यावर दावे, स्थगिती, अपिले अशी वर्षांमागून वर्षे गेली आणि काठावरची वसुली चालू राहिली. ज्याच्या हातात पैसा येत राहतो त्याला निकाल लांबल्याचे दुःख नसते.

याच काळात ओरिसात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. चिलिका सरोवराचा काही भाग पारिकुदच्या राजाच्या इस्टेटीत होता. तेथे पुढील वर्षांत मासे धरण्याचा हक्क काही व्यापाऱ्यांनी राजाकडून पैसे देऊन, पण नुसत्या तोंडी बोलीवर घेतला होता. इस्टेट सरकारजमा झाली तेव्हा हे व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. 1955 साली न्यायालयाने सांगितले की, दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतलाच एक लाभ आहे. म्हणून त्याची विक्री लेखी आणि नोंदणीकृत दस्ताने व्हायला हवी. तोंडी बोलीने तो मिळत नाही. व्यापारी हरले. म्हणजे चिलिकात मासेमारीचा हक्क स्थावर ठरला आणि गंगेत मात्र तो जमिनीचा नव्हेच असे म्हणत पानीदार टिकून राहिले. सरोवर आणि वाहती नदी यांत फरक आहे हे आम्हाला मान्य आहे. पण गरीब माणसाला हा फरक समजावून सांगायचे कोणी मनावर घेतले तर आम्हाला त्याचे कौतुकच वाटेल.

हा प्रश्न फक्त आपल्या मागास म्हणवल्या जाणाऱ्या बिहारचा आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडात नदीकाठच्या मालकाकडे मासेमारीचा हक्क असतो. हौशी माणसाला गळ टाकायचा तर सरकारी परवाना वेगळा आणि मालकाचे किंवा क्लबचे तिकीट वेगळे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सॅल्मन नदीवर हजारो हौशी लोक मासे धरायला येतात. तिथल्या एका मोठ्या इस्टेटीने आपल्या हद्दीतल्या पात्रासाठी फी लावली. नदीतून नाव चालते, तर ती सर्वांची, असे मासे धरायला नेणाऱ्या वाटाड्यांचे म्हणणे होते. 1997 साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला तो इस्टेटीच्या बाजूने. नावेने जाण्याचा हक्क सर्वांना, पण जुन्या सनदेने पात्र ज्याला मिळाले आहे तिथे मासे धरण्याचा हक्क त्याचा. उलट मोंटाना राज्याने 1985 मध्ये कायदा करून नदीच्या भरतीच्या रेषेच्या आतल्या पात्रात सर्वांना मुभा दिली, खालची जमीन कोणाचीही असो. न्यूझीलंडने तर हौशी मासेमारीचा हक्क विकणे किंवा भाड्याने देणे कायद्यानेच मना केले आहे. तेव्हा हा ज्याने त्याने ठरवण्याचा प्रश्न आहे. निसर्गाचा नियम वगैरे काही नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिकडे भांडण रविवारच्या करमणुकीचे आहे, इकडे संध्याकाळच्या चुलीचे होते.

फराक्क्याने बिघडवलेला हिशेब

22 फेब्रुवारी 1982 रोजी कहलगावच्या कागजी टोला या कोळ्यांच्या वस्तीतून गंगा मुक्ती आंदोलन सुरू झाले. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेले तरुण कार्यकर्ते त्यात पुढे होते. वसुली तर शेकडो वर्षे चालू होती. मग उठाव 1982 सालीच का झाला? कार्यकर्ते आले म्हणून, हे उत्तर खरे आहे पण पुरते नाही. आमच्या मते याचे व्यापारी कारणही आहे आणि ते 1975 सालात सापडते.

त्या वर्षी बंगालमध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. कलकत्ता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी हुगळीकडे वळवण्यासाठी तो बांधला. हिलसा, ज्याला आपल्या कोकणात पाला म्हणतात, हा समुद्रातला मासा अंडी घालायला नदीतून वर चढतो. पूर्वी तो बिहार ओलांडून अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पुढे जात असे. फराक्का झाल्यावर त्याची वाट अडली. समुद्राकडून चढणारी मोठी कोळंबीही तशीच घटली. बाजारात ज्याला सर्वांत जास्त दर मिळतो तोच माल नाहीसा झाला.

आता हिशेब मांडा. आकडे कल्पित आहेत, पण त्यामागचा व्यवहार खरा आहे. समजा एका नावेला हंगामात 1,000 रुपयांचा मासा मिळत होता आणि जाळ्यामागे ठरलेली वसुली 200 रुपये होती. म्हणजे पाचवा हिस्सा गेला. हिलसा संपला आणि त्याच जाळ्यात 400 रुपयांचा मासा येऊ लागला. वसुली जाळ्यावर असल्यामुळे ती 200 रुपयेच राहिली. आता निम्मी मिळकत गेली. ठेकेदाराने दर एका पैशानेही वाढवला नाही, तरी कोळ्यावरचा बोजा अडीच पट झाला. ठेकेदाराला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की, मी काहीच वाढवले नाही. धंद्याच्या उत्पन्नातला हिस्सा घेणारा भागीदार तोट्यातही भागीदार असतो. ठरीव रक्कम घेणारा मालक तसा नसतो, तोट्याची सगळी जोखीम तो राबणाऱ्यावर टाकतो. आपल्या वाचकांपैकी जे भागीदारीत धंदा करतात त्यांना हा फरक अधिक फोड करून सांगायला नको.

चळवळीची रीत शांततेची होती. कोळ्यांनी वसुली देणे बंद केले. मार खाल्ला, जाळी गमावली, पण नावा नदीतच ठेवल्या. याच काळात वस्तीत दारूविरुद्ध मोहीम झाली आणि तिच्यात बायका पुढे होत्या. ज्या घरात दिवसाची मिळकत संध्याकाळी दारूत जाते तिथे नदी मुक्त होऊन काय मिळणार, हे त्यांना पुरुषांच्या आधी कळले असावे. पुढे चळवळ त्या 80 किलोमीटरपुरती राहिली नाही. बिहारमधल्या गंगेच्या उरलेल्या पात्रात पानीदार नव्हते, तिथे सरकार लिलाव करत होते. कागदावर हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळे. प्रत्यक्षात संस्थेच्या आड पैसेवाले आणि गुंड असत आणि कोळी तिथेही पैसे भरूनच जाळे टाकी. मालक खाजगी असो की सरकारी, काठावरचा माणूस तोच, हे ओळखून 1987 मध्ये कुर्सेल्यापासून पाटण्यापर्यंत नावांचा मोर्चा निघाला आणि मागणी सगळ्या नद्यांची झाली.

1990 मध्ये बिहारमध्ये सरकार बदलले, लालूप्रसाद यादव मुख्यमंत्री झाले. 1991 मध्ये पानीदारी संपली. गंगेत आणि राज्यातल्या इतर वाहत्या नद्यांत परंपरागत मच्छीमारांना करमुक्त मासेमारीचा हक्क मिळाला. नऊ वर्षांच्या लढ्याचे एवढे स्पष्ट फळ आपल्या देशात क्वचितच पाहायला मिळते.

मुक्त नदीतले नवे वसुलीदार

गोष्ट येथे संपली असती तर हा लेख इतिहासाच्या पानावर गेला असता, व्यापाराच्या नव्हे.

कर गेला तसा पात्रावरचा ताबाही सुटला. पूर्वी जुलमी का होईना, पण कोणी तरी ठरवी की या पट्ट्यात किती नावा उतरतील. आता परंपरागत मच्छीमार म्हणजे कोण, याची पक्की यादी नाही. ज्यांच्याकडे जाळे विणण्याचे कसब नव्हते पण मनगट आणि बंदूक होती, तेही नदीत उतरले. गंगेच्या मधोमध गाळाची मोठमोठी बेटे तयार होतात, त्यांना तिकडे दियारा म्हणतात. तिथे पोलीस सहजी पोहोचत नाहीत. दियाऱ्यातल्या टोळ्यांनी आपापले पट्टे पाडले आणि पैसे घ्यायला सुरुवात केली. याला बिहारमध्ये रंगदारी हा शब्द आहे, आपल्याकडे हप्ता म्हणतात. पानीदाराच्या कारिंद्याकडे निदान कागद होता. याच्याकडे तोही नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध अर्ज तरी कोणत्या कायद्याखाली करायचा?

दुसरे नुकसान माशांचे झाले. मच्छरदाणीच्या कापडाइतक्या बारीक विणीची जाळी पात्रात लागू लागली. त्यात अंगठ्याएवढी पिले येतात आणि बाजारात कवडीमोलाने जातात. तेच पिलू दोन हंगाम सोडले असते तर किलोवर विकले गेले असते. पण मी सोडले तर दुसरा धरणार, मग मी तरी का सोडू, असा प्रत्येकाचा विचार. आपल्या कोकणातल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. समुद्राला मालक नाही, पण पर्ससीन जाळी आली तेव्हा रत्नागिरीच्या दालदी बांधवांच्या आणि इतर पारंपरिक मच्छीमारांच्या ताटातले कमी झालेच. अखेर फेब्रुवारी 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. तो किती पाळला जातो हा वेगळा विषय आहे. पण नदी किंवा समुद्र फीमुक्त करणे आणि नियममुक्त करणे यांत फरक आहे, हे तिथेही कळले आणि येथेही.

तिसरी गोष्ट योगायोगाची. ज्या 1991 साली गंगा मच्छीमारांसाठी मोकळी झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुलतानगंज ते कहलगाव असा सुमारे 60 किलोमीटरचा पट्टा विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य म्हणून जाहीर झाला. गंगेतला हा डॉल्फिन, तिकडच्या बोलीत सोंस, पुढे राष्ट्रीय जलचर ठरला. तो वाचलाच पाहिजे. जाळ्यात अडकून तो मरतो हेही खरे. पण अभयारण्य म्हणजे वनखात्याचे राज्य. एका खात्याने सांगितले की नदी तुमची आहे, दुसऱ्या खात्याचा शिपाई त्याच नदीत जाळे जप्त करतो, असे झाले. आम्हाला हे अटळ वाटत नाही. सोंस आणि कोळी दोघेही एकाच माशावर जगतात आणि बारीक जाळ्याने दोघांचेही नुकसान होते. बारीक जाळी आणि विष यांविरुद्ध उभे राहायला कोळ्याइतका जवळचा माणूस वनखात्याला मिळणार नाही. त्याला पहारेकरी करायचे सोडून आरोपी करणे ही सरकारी बुद्धी आहे.

असेच मध्य प्रदेशात तवा धरणावर झाले. धरणात गावे गेलेल्या आदिवासींनी झगडून जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला, डिसेंबर 1996 पासून त्यांच्या तवा मत्स्य संघाने धंदा स्वतः चालवला. पूर्वी जो पैसा ठेकेदाराकडे जाई तो मासे धरणाऱ्याच्या हातात पडू लागला. दहा वर्षांनी, 2006 मध्ये, वन्यजीव संरक्षणाच्या कारणाने तो करार थांबला. कारभार चांगला की वाईट, याचा विचारच त्यात झाला नाही.

उचल आणि कोल

आता दोन बाबी अशा की ज्या चळवळीच्या घोषणांत फारशा आल्या नाहीत, पण व्यापाराच्या दृष्टीने त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

पहिली उचल. बिहार-बंगालमध्ये तिला दादन म्हणतात. नाव आणि जाळे यांना भांडवल लागते. बँक कोळ्याला दारात उभे करत नाही, कारण तारण काय ठेवणार? मग मासळीचा अडतदार उचल देतो. व्याज घेत नाही, असे तो सांगतो. पण अट अशी की, सगळा मासा त्यालाच द्यायचा आणि दर तो ठरवील तो. बाजारभावापेक्षा जे कमी मिळते तेच व्याज. ते कागदावर कोठेही दिसत नाही आणि मुद्दल कधी फिटत नाही. पानीदारी सरकारच्या हुकमाने एका दिवसात संपली. दादन कोणत्याही हुकमाने संपणार नाही, कारण ते ज्या गरजेवर उभे आहे ती गरज खरी आहे. त्याला उत्तर म्हणजे दुसरीकडून भांडवल आणि दुसरा खरेदीदार. त्यासाठी कोळ्यांची स्वतःची पतपेढी, बर्फ साठवण्याची सोय आणि शहरापर्यंत माल नेणारे वाहन हवे. मासा सकाळी धरला आणि दुपारपर्यंत विकला नाही तर त्याचा भाव पडतो. बर्फ नसलेला कोळी घासाघीस करू शकत नाही. आमच्यातले जे बांधव मासळीच्या अडतीत आणि वाहतुकीत आहेत त्यांना हे माहीत आहे. त्यांनी वाजवी नफ्यावर, दर आधी ठरवून, उचलीची अट न घालता खरेदी सुरू केली तर त्यांचाही तोटा होणार नाही, कारण खात्रीचा माल ही मासळीबाजारातली सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे.

दुसरी बाब कोल. गंगा पात्र बदलते तेव्हा तिची जुनी शाखा मागे सुटते. पावसाळ्यात ती नदीला जोडलेली असते, उन्हाळ्यात तुटून तळ्यासारखी होते. या कोलांत मासा भरपूर असतो, पिले तिथेच वाढतात. आता ही वाहती नदी की बंद जलकर? वाहती नदी असेल तर मासेमारी मुक्त. बंद पाणी असेल तर 2006 च्या बिहार मत्स्य जलकर व्यवस्थापन कायद्याने त्याची बंदोबस्ती होते, म्हणजे ठराविक मुदतीसाठी रक्कम घेऊन ते मच्छीमारांच्या सहकारी समितीला दिले जाते. ऑगस्टमध्ये जी नदी आहे ती एप्रिलमध्ये जलकर होते. एकाच पाण्यावर एकजण समितीचा कागद दाखवतो, दुसरा 1991 चा हक्क सांगतो. अशा भांडणात डोकी फुटली तर नवल नाही.

येथे आम्हाला विदर्भाची आठवण होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक लाडाने मामा तलाव म्हणतात, ते मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. आज त्यांतली मासेमारी ठेक्याने संस्थांना मिळते आणि तिथला ढिवर समाज त्यावर जगतो. तलावाला काठ असतो, हद्द असते, मासा सोडला तर तो तिथेच राहतो. म्हणून तलावासाठी ठेका ही पद्धत समजण्यासारखी आहे. बीज सोडणाऱ्याला त्याचे फळ मिळायला हवे. वाहत्या नदीत हा न्याय लागू होत नाही. गंगेतल्या माशाचे बीज कोणा ठेकेदाराने सोडलेले नसते. ज्याने काही लावले नाही त्याने कापणीचा वाटा मागू नये, एवढे साधे तत्त्व लावले तरी कोलाचा वाद निम्मा सुटतो. जिथे समिती बीज सोडते तिथे बंदोबस्ती असू द्यावी, बाकी कोल नदीचा मानावा.

हिलशाच्या बाबतीत सरकार काही करत नाही असे नाही. बराकपूरची केंद्रीय अंतर्स्थलीय मत्स्य संशोधन संस्था गेली काही वर्षे फराक्क्याच्या वरच्या बाजूला हिलसा सोडते आहे. प्रयत्न चांगला आहे. पण बंधाऱ्यातून माशाला स्वतःहून वर चढता येईल अशी वाट होत नाही तोपर्यंत बादलीने नदी भरण्यातला हा प्रकार आहे असे आम्हाला वाटते.

आणखी एक योजना सध्या चालू आहे, तिची माहिती देऊन थांबतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली माशांच्या वाढीच्या काळात, जेव्हा जाळे टाकू नये असे सांगितले जाते, तेव्हा बचत आणि मदत मिळून मच्छीमाराला 4,500 रुपये मिळतात. त्यातले 1,500 रुपये त्याने स्वतः आधी भरायचे आणि 3,000 रुपये सरकार घालते. तीन महिन्यांत ही रक्कम दिली जाते, म्हणजे महिन्याला 1,500 रुपये. एका कुटुंबाचे यात काय भागणार ते सांगायला नको, तरीही ज्याला ते मिळतात तो काही दिवस जाळे घरी ठेवू शकतो. अट अशी की अर्जदार मच्छीमारांच्या नोंदणीकृत संस्थेचा सभासद असला पाहिजे. कोळ्याच्या घरात जन्मलेला, रोज नदीवर जाणारा, पण समितीच्या यादीत ज्याचे नाव कोणी घातले नाही असा माणूस या योजनेत बसत नाही. कहलगाव, पीरपैंतीच्या वस्त्यांत काम करणाऱ्यांनी या याद्या गावसभेत वाचून दाखवण्याची मागणी लावून धरावी. नाव कोणाचे राहिले आणि कोणाचे घुसले, हे वस्तीतली कोणतीही म्हातारी पाच मिनिटांत सांगू शकेल.